दीड मिलिमीटरचं कवच आणि प्रमादाचा प्रश्न

लगदा पांढरा करायला आजच्या कागद गिरण्या क्लोरीन डायऑक्साइड वापरतात. हा वायू सिलिंडरमध्ये दाबून, ट्रकवर लादून आणता येत नाही. हवेत त्याचं प्रमाण शेकड्याला दहाच्या वर गेलं की त्याचा स्फोट होऊ शकतो. म्हणून तो गिरणीतच तयार करतात, थंड पाण्यात विरघळवतात आणि ते पिवळट-हिरवं द्रावण पंपानं लगद्याकडे ढकलतात. हा पंप साधा असला तर त्याचा फिरता दांडा केसिंगला भोक पाडून बाहेर मोटरपर्यंत येतो. त्या भोकाशी मेकॅनिकल सील बसवतात. सील म्हणजे एकमेकांवर घासत फिरणाऱ्या दोन गुळगुळीत चकत्या. त्यांच्यामध्ये द्रवाचा बारीक पापुद्रा राहिला तरच त्या टिकतात, म्हणजे थोडं तरी बाहेर येणं हे सीलच्या कामातच धरलेलं आहे. मॅग्नेटिक ड्राइव्ह पंपात हे भोकच नाही. मोटरच्या बाजूला चुंबकांचं एक कडं फिरतं, आतल्या पंख्याच्या दांड्यावर दुसरं कडं असतं, आणि बाहेरच्याच्या ओढीनं आतलं फिरतं. कागदाखाली लोहचुंबक फिरवून वरच्या टाचण्या नाचवण्याचा शाळेतला खेळ, तोच इथे कामाला लावला आहे. कागदाच्या जागी असतो एक न फिरणारा कप. त्याला कन्टेनमेंट शेल म्हणतात. मी कवच म्हणतो. धातूचं असलं तर ते जेमतेम एक ते दोन मिलिमीटर जाड असतं. आत विष, बाहेर माणूस, मध्ये तेवढंच.

हे कवच कशाचं करायचं, हा प्रश्न खरेदीच्या कागदावर एका ओळीत सुटतो. माझं म्हणणं असं की तो धर्माचा प्रश्न आहे आणि तसाच तो सोडवला पाहिजे. धर्म हा शब्द इथे पूजाअर्चेच्या अर्थानं घेतलेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात धम्म सामाजिक आहे असं मांडलं. माणूस एकटा असेल तर त्याला धम्माची गरज नाही, दुसरा आला की ती सुरू होते, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, त्यांनी चंद्रपूरला दीक्षा दिली, तेव्हा हा विचार चंद्रपूर जिल्ह्याला परका नाही. पंप निवडणारा इंजिनियर आणि पंपाशेजारी पाळी करणारा कामगार, ही दोन माणसं झाली. वर्धा नदी बल्लारपूरच्या कागद गिरणीजवळून पुढे चपराळ्याजवळ वैनगंगेला मिळते, तिथून प्राणहिता होऊन सिरोंच्यापाशी गोदावरीत जाते. त्या काठावरचे लोक धरले तर माणसं दोनापेक्षा बरीच जास्त होतात.

आधी पदार्थांकडे नीट पाहू, कारण नीतीची चर्चा पदार्थ न पाहता केली की ती प्रवचन होते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात धातू ठेवला की त्याच्या पोटात विजेचे भोवरे उठतात. यांना एडी करंट म्हणतात. कवच धातूचं असेल तर चुंबकांच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर हे भोवरे त्यात घुमतात आणि कवच तापतं. मोटरनं दिलेल्या शक्तीतला शेकडा १० ते २० भाग असा नुसत्या उष्णतेत जाणं ही सर्रास गोष्ट आहे. वेग दुप्पट केला की हे नुकसान चौपट होतं. कवच जाड केलं की त्याच प्रमाणात वाढतं. ज्या धातूतून वीज अवघड जाते त्यात ते कमी. साध्या ३१६ स्टेनलेस स्टीलपेक्षा हॅस्टेलॉय सी या निकेलच्या मिश्रधातूचा विद्युत रोध दीडपटीहून जास्त आहे. तो केवळ गंजत नाही म्हणून नव्हे, कमी तापतो म्हणूनही निवडतात. आणि तापलेलं कवच थंड कोण ठेवतं? आतला द्रवच. पंपातला थोडा प्रवाह मुद्दाम कवचाच्या आतून फिरवलेला असतो. ज्याला कोंडायचं त्याच्याच भरवशावर भिंत उभी आहे. टाकी रिकामी झाली, व्हॉल्व्ह बंद राहिला, पंप कोरडा फिरला, की काही मिनिटांत कवचाचं तापमान भडकतं, द्रवाच्याच वंगणावर चालणारी सिलिकॉन कार्बाइडची बेअरिंगं तडकतात आणि निओडिमियमचे चुंबक असतील तर त्यांची ओढही उतरू लागते. क्लोरीन डायऑक्साइडच्या बाबतीत तर नेहमीची ऊबही त्रासाची, कारण द्रावण तापलं की वायू त्यातून सुटायला लागतो.

मग धातू सोडून द्यावा, हे ओघानं आलं. झिर्कोनियाचं सिरॅमिक घेतलं, कार्बन तंतूंनी मजबूत केलेलं प्लॅस्टिक घेतलं, तर भोवरे जवळजवळ उठत नाहीत आणि वीज वाचते. पण सिरॅमिक ठिसूळ. तापमानात एकदम फरक पडला किंवा मोडक्या बेअरिंगचा तुकडा आतून आपटला, तर ते वाकून इशारा देत नाही, फुटतं. प्लॅस्टिकला तापमानाची आणि दाबाची मर्यादा. टेफ्लॉनच्या जातीची प्लॅस्टिकं क्लोरीनला दाद देत नाहीत खरी, पण वायूचे रेणू त्यांतून सावकाश झिरपत राहतात. टायटॅनियमची गोष्ट सगळ्यात बोलकी. ओल्या क्लोरीनमध्ये, क्लोरीन डायऑक्साइडच्या द्रावणात हा धातू वर्षानुवर्षं टिकतो. तोच कोरड्या क्लोरीनमध्ये पेट घेऊ शकतो. शेकड्याला एखादा भाग ओलावा, एवढ्यावर त्याचं राखणं आणि जळणं ठरतं. चांगला पदार्थ कोणता, या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नाही. कशाच्या सहवासात, किती तापमानाला, कोणाच्या शेजारी, हे सांगितल्याशिवाय पदार्थाला गुण चिकटत नाही.

निर्दोष भिंत अशी नाहीच, एवढं यातून निघतं. गीतेच्या अठराव्या अध्यायातला अग्नी आणि धुराचा दृष्टान्त मराठी वाचकाला सांगायला नको. दोषाशिवाय कर्म मिळणार नाही, म्हणून वाट्याचं काम टाकू नये, असा त्याचा रोख. पण हे वाक्य कारखानदाराच्या तोंडी गेलं की धोकादायक होतं, हेही मान्य केलं पाहिजे. सगळीकडेच धूर असेल तर माझ्याच चिमणीचं काय घेऊन बसलात, असं म्हणायला तो मोकळा होतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ साली देशातल्या औद्योगिक भागांची प्रदूषणाच्या गुणांनुसार यादी केली, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथं होतं. अशा गावात दोष अटळ आहे हे तत्त्वज्ञान सांगणाऱ्याकडे लोकांनी संशयानं पाहिलं तर नवल नाही. दोष अटळ असला तरी तो कुठे पडावा हे अटळ नसतं. ते कोणीतरी ठरवतं. ते ठरवताना तो कसा वागला, हे तपासायला गीतेच्या जोडीला दुसरा आधार लागतो, आणि तो याच जिल्ह्यात सापडतो.

भद्रावती, म्हणजे जुनं भांदक. तिथे पार्श्वनाथाचं जैन तीर्थ आहे आणि गावाला लागून विजासनची बौद्ध लेणी. जैन आचारशास्त्रानं गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार केले: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. पहिली, म्हणजे ठरवून केलेली हिंसा, श्रावकानं पूर्ण टाकायची. घरकामात, धंद्यात, स्वसंरक्षणात होणारी त्याला पूर्ण टाळता येत नाही, ती कमीत कमी ठेवायची. कागद गिरणीचा पंप उद्योगी हिंसेच्या खात्यात बसतो. एवढ्यावर थांबलं असतं तर हाही कारखानदाराला सोयीचा दाखला झाला असता. पण उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना नुसता प्राणघात धरलेला नाही. प्रमादातून, म्हणजे गाफीलपणातून झालेला प्राणघात धरला आहे. कुंदकुंदाचार्य प्रवचनसारात आणखी पुढे जातात. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की गाफीलपणे वागणाऱ्याच्या हातून जीव मरो वा वाचो, हिंसा झालीच; आणि जो पूर्ण सावध आहे त्याच्या हातून नकळत जीव गेला तरी तेवढ्यानं त्याला कर्माचा बंध लागत नाही. कवच निवडणाऱ्याला हे जसंच्या तसं लागू पडतं. द्रावणात क्लोराइड किती, पंप कोरडा फिरण्याची शक्यता किती, हे न विचारता मागच्या वेळेला जे मागवलं तेच पुन्हा मागवलं, आणि नशिबानं पंप दहा वर्षं चालला, तरी हिंसा मागवणीच्या दिवशीच झाली. उलट सगळं तपासून, पहारा ठेवून बसवलेलं कवच एखाद्या दिवशी फुटलं, तर ती दुर्घटना. तिला पाप म्हणण्याची घाई करू नये.

यावर पहिला आक्षेप चेतनेचा. बौद्ध विचारात कर्म म्हणजे चेतना, हेतू. इंजिनियरला कोणाला मारायचं नव्हतं, त्याला फक्त बजेट पाळायचं होतं. मग दोष कसला? पण त्याच परंपरेनं सावधपणाला केवढं वर बसवलं आहे ते पाहा. धम्मपदात दुसरा वर्गच अप्पमादाचा आहे, आणि बुद्धाचा शेवटचा उपदेशही अप्रमादाचाच असल्याचं परंपरा सांगते. म्हणजे हेतू वाईट नसणं पुरेसं नाही. लक्ष दुसरीकडे ठेवण्यालाही हेतू असतो. बजेट पाळायचं ठरवणं हीसुद्धा चेतनाच आहे. जैन आणि बौद्ध यांनी शतकानुशतकं एकमेकांशी वाद घातले, पण गाफीलपणाबद्दल विजासनची लेणी आणि पार्श्वनाथाचं मंदिर एकाच बाजूला उभी राहतात.

दुसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो जास्त वजनदार आहे. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत एका कारखान्यातून ओलियम वायू गळला. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८६ च्या डिसेंबरात पूर्ण दायित्वाचं तत्त्व घालून दिलं: घातक धंदा करणाऱ्यानं कितीही काळजी घेतलेली असो, नुकसान झालं की भरपाई त्यानंच द्यायची, त्याला सबब नाही. मग सावध माणसाला बंध नाही म्हणणारे कुंदकुंद चुकले का? मला तसं वाटत नाही. कायदा विचारतो, पैसे कोण देणार. त्याचं उत्तर प्रमादावर सोडलं तर प्रत्येक कंपनी आपली काळजीची कागदपत्रं घेऊन कोर्टात उभी राहील आणि विधवा बाहेर. म्हणून कायद्यानं सबब ऐकूच न घेणं योग्य. धर्म विचारतो, मनुष्य कसा वागला. सावध मालक निष्पाप असून भरपाईला बांधलेला असू शकतो, यात विसंगती नाही. गाफील मालक मात्र भरपाई भरून निष्पाप होत नाही. भोपाळला १९८४ च्या डिसेंबरात जे झालं त्याच्या कित्येक महिने आधीपासून मिथिल आयसोसायनेट थंड ठेवणारी यंत्रणा बंद ठेवलेली होती, हे आठवलं की फरक कळतो.

आता सगळ्यात अडचणीचा मुद्दा, आणि तो माझ्या बाजूवरच उलटतो. धातूचं कवच रोज थोडी वीज खातं, ती मालकाच्या बिलात दिसते, म्हणजे दोष ज्यानं निवड केली त्याच्याच अंगावर पडतो; अधातू कवच वीज वाचवतं पण फुटलं तर कामगारावर. म्हणून धातू नैतिक, अधातू अनैतिक. हा युक्तिवाद सुबक आहे आणि चंद्रपुरात तो टिकत नाही. वीज येते कुठून? राज्यातल्या सरकारी औष्णिक केंद्रांपैकी सर्वात मोठं, २,९२० मेगावॅटचं केंद्र याच शहराच्या कडेला आहे. समजा चुंबकांच्या जोडणीतून १५ किलोवॅट शक्ती जाते आणि त्यातली शेकडा १५ धातूच्या कवचात उष्णता होऊन जाते. म्हणजे सव्वादोन किलोवॅट. वर्षाचे आठ हजार तास पंप चालला तर १८ हजार युनिट. युनिटला साधारण पाऊण किलोच्या आत-बाहेर कोळसा धरला तर तेरा-चौदा टन कोळसा, आणि आपल्या कोळशात राख शेकडा तीस-चाळीस, म्हणजे चार-पाच टन राख. एका पंपाच्या दीड मिलिमीटरच्या कवचासाठी! ही राख मालकाच्या बिलात येत नाही. ती दुर्गापूर-ऊर्जानगरच्या बाजूला राहणाऱ्यांच्या छपरावर, इरई नदीच्या खोऱ्यात पडते. धातूचा दोष मालकानं स्वतःवर घेतला असं आपल्याला वाटलं, प्रत्यक्षात त्यानं तो शेजाऱ्याला वाटून दिला. वाटणी फार बारीक असल्यामुळे कोणाच्या लक्षात आली नाही, इतकंच.

म्हणून रोजचा थोडा, दिसणारा दोष चांगला आणि क्वचितचा मोठा दोष वाईट, असं सरसकट म्हणता येत नाही. मला वाटतं कसोटी वेगळी लावावी: दोष कळतो का, आणि कळल्यावर थांबवता येतो का. दांड्याभोवती पॅकिंग आवळून बसवलेल्या, जुन्या ग्लँड पॅकिंगच्या पंपाशी ठिबकणारं पाणी पाहून फिटर सांगायचा, आज आवळावं लागेल. मॅग्नेटिक पंप ठिबकत नाही. तो ठणठणीत कोरडा दिसतो, आणि कवचाच्या आतल्या अंगाला खड्डे पडत असले तरी बाहेरून काही कळत नाही. गळती बंद केली ती चांगलीच गोष्ट. पण गळतीबरोबर तिची सूचनाही बंद झाली. ती परत आणायचे मार्ग आहेत. कवचाच्या तापमानावर संवेदक ठेवता येतो. मोटरची शक्ती एकदम कमी झाली तर पंप कोरडा फिरतोय हे ओळखून तो बंद करणारा रिले लावता येतो. दुहेरी कवच करून दोन थरांमधल्या पोकळीत दाब मोजता येतो: आतला थर गेला की बाहेरचा अजून शाबूत असतानाच घंटा वाजते. सीलविरहित पंपांसाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं ६८५ क्रमांकाचं मानक आहे, त्यातही कवच फुटल्यावरच्या दुसऱ्या आवरणाचा विचार केलेला आहे. अप्रमाद हा मनाचा गुण खरा, पण कारखान्यात त्याला वायर आणि डायल लागते. नुसत्या सज्जन मॅनेजरच्या भरवशावर तो राहू देऊ नये. मॅनेजरची बदली होते.

या कसोटीनं पाहिलं तर निवडही बदलते. अधातू कवच दुहेरी असेल आणि मधल्या पोकळीवर पहारा असेल, तर ठिसूळपणाचा मोठा दोष कमी होतो आणि कवचापायी जळणाऱ्या कोळशाचा दोष जवळजवळ उरत नाही. धातूच घ्यायचा असेल तर पंप २,९०० ऐवजी १,४५० फेऱ्यांचा घ्यावा. तेवढीच शक्ती अर्ध्या वेगात पोचवायला चुंबक मोठे लागतात, म्हणून भोवऱ्यांतलं नुकसान हिशेबाइतकं चौथाईवर येत नाही, पण बरंच उतरतं. पंप मात्र मोठा होतो आणि महाग होतो. ती किंमत मालक पहिल्याच दिवशी रोख भरतो. दोष खरोखर निवडणाऱ्याच्या अंगावर पडण्याचा हा एक प्रामाणिक मार्ग, आणि खरेदी विभागात तोच सगळ्यात आधी खोडला जातो.

राहिला प्रश्न निवडणाऱ्याचा. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबू विकायचा परवाना गावाच्या हातात आला. त्याआधी या भागातल्या जंगलांमधला बांबू सरकारी करारानं कागद गिरणीकडे जायचा. मेंढ्यात निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीनं होतात, आणि त्याआधी अभ्यास गटात विषय समजून घेतला जातो. या दुसऱ्या गोष्टीकडे बाहेरचे लोक कमी पाहतात. मला ती जास्त महत्त्वाची वाटते. कवचाचा पदार्थ मतदानानं ठरवा असं कोणी म्हणणार नाही. एडी करंटचं गणित बहुमतानं बदलत नाही. पण हे कवच फुटलं तर वारा कुठल्या वस्तीकडे जातो, पाणी कुठल्या घाटावर पोचतं, रात्रपाळीला पंपाजवळ कोण असतं, या प्रश्नांना अभियांत्रिकीची पदवी लागत नाही, आणि त्यांची उत्तरं इंजिनियरपेक्षा फिटरला आणि काठावरच्या कोळ्याला जास्त ठाऊक असतात. लोकांना तांत्रिक गोष्टी कळत नाहीत, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा असा की तांत्रिक लोकांनाही सगळं कळत नाही, आणि त्यांना अभ्यास गट नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीत शिकून इथल्याच गिरण्यांत, वीज केंद्रात, कोनसरीच्या पोलाद प्रकल्पात कामाला लागणाऱ्या मुलामुलींना एवढीच विनंती आहे. पंपाच्या डेटाशीटवर द्रव, तापमान, दाब, फेरे, कवचाचा पदार्थ असे रकाने असतात. त्यांच्याखाली हातानं आणखी दोन ओळी आखा: कवच निकामी होत असल्याचं कोणाला, कशावरून, किती आधी कळेल, आणि त्या वेळी शेजारी कोण असेल. या ओळी रिकाम्या असतील तर सही करू नका.